कुलूप उघडल्यानंतरचा आठवडा: पाच महिने बंद राहिलेल्या एका कार्यालयाचे प्रकरण

कोविडच्या साथीतले निर्बंध सैल झाल्याचा आदेश शुक्रवारी आला. एका सोमवारी कुलूप उघडायचे आणि त्याच्या पुढच्या सोमवारी एक तृतीयांश कर्मचाऱ्यांना बोलवायचे, असे ठरले. मधला एकच आठवडा हाती होता.

इमारत तळमजला अधिक दोन मजल्यांची. एरवी १२० माणसे काम करतात, पहिल्या टप्प्यात ४० येणार. गच्चीवर १०,००० लिटरची टाकी, जमिनीखाली २०,००० लिटरची. प्रत्येक मजल्यावर दोन स्वच्छतागृहे आणि एक पॅन्ट्री. महासाथीत ही जागा पाच महिने बंद होती. सुरक्षारक्षक होता, पण बाहेरच्या चौकीत. हे प्रकरण कुठल्या एका पत्त्याचे नाही. बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या इमारतींत ज्या गोष्टी हटकून समोर येतात, त्या एका नमुना इमारतीत एकत्र मांडल्या आहेत. टाक्यांची मापे आणि नोंदी हिशेब समजावा म्हणून घेतलेल्या आहेत. हिशेबाची रीत मात्र कुठेही तशीच लागू पडते.

पहिल्या बैठकीत खरेदीची यादी झाली: कपाळाला रोखायचा तापमापक, पायाने दाबायचे सॅनिटायझरचे स्टँड, जमिनीवर चिकटवायचे गोल, पारदर्शक पडदे. यादीत दारापाशी दिसणारे सगळे होते, पाण्याशी संबंधित एकही वस्तू नव्हती. पुढच्या आठवड्यातल्या बहुतेक अडचणींचे मूळ याच यादीत आहे. दारातून विषाणू आत येईल याची धास्ती सगळ्यांना होती. आत पाच महिने जे नुसते साचून राहिले होते, त्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

सोमवार: नाकाने केलेली पाहणी

दार उघडताच दिव्याच्या बटणाकडे हात जातो. तो आवरावा. मेन स्विच चढवण्याआधी वितरण पेटीतले सगळे एमसीबी (प्रत्येक फाट्याचा, दोष आला की आपोआप पडणारा स्विच) खाली करायचे, पेटीत ओल किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर आहे का ते बॅटरीच्या उजेडात पाहायचे, मग मेन चढवायचा आणि एकेक एमसीबी वर घ्यायचा. एखादा लगेच पडला तर दोष त्याच फाट्यावर आहे हे कळते. सगळे एकदम चढवले तर दोष शोधण्यात अर्धा दिवस जातो. आरसीसीबीचे, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे, टेस्ट बटण दाबून तो खरोखर पडतो का तेही पाहावे. महिनोन्महिने न हललेली यंत्रणा कधीकधी अडकून बसते.

उजेड यायच्या आधीच वास आलेला असतो. तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहात तो इतका उग्र होता की सफाई कर्मचाऱ्याने सरळ फिनेलचा कॅन आणला. गैरसमज इथेच होतो. हा वास घाणीचा नसतो, तो गटारातून वर येणारा वायू असतो. नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीतल्या जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा खोलगट भाग), बेसिनखालच्या वाकड्या नळीत आणि कमोडच्या भांड्यात साधारण ५० मिलिमीटर उंचीचे पाणी उभे असते, आणि गटार व खोली यांच्यामध्ये तेवढाच अडसर असतो. वापर थांबला की ते वाफ होऊन उडून जाते. कोरड्या, उष्ण हवेत काही आठवड्यांत, दमट जागेत काही महिन्यांत. जमिनीतला नहाणी ट्रॅप सगळ्यात आधी सुकतो, कारण त्याचे तोंड रुंद असते आणि त्यात मुद्दाम पाणी कोणी ओतत नाही.

उपाय बिनखर्चाचा आहे. प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये एक लिटर पाणी ओतायचे, बेसिनच्या ट्रॅपला अर्धा लिटर पुरते. पुढचे काही आठवडे वापरात येणार नाही अशा ट्रॅपमध्ये वरून चमचाभर खाद्यतेल सोडायचे. पाण्यावर तेलाचा पापुद्रा राहतो आणि बाष्पीभवन मंदावते. पाणी ओतूनही तासाभरात वास परतला तर दोन शक्यता उरतात. एक तर ट्रॅप तडकला आहे, किंवा गच्चीवरचा व्हेंट पाइप, म्हणजे सांडपाण्याच्या नळाला हवा देणारी नळी, बंद पडला आहे. पक्ष्याने त्यात घरटे केले की वरच्या मजल्यावर फ्लश ओढताच खालच्या ट्रॅपमधले पाणी खेचले जाते. इथे पहिल्या मजल्याच्या एका स्वच्छतागृहात नेमके हेच झाले होते. व्हेंटच्या तोंडाला जाळी नव्हती.

श्वसनाच्या साथीत ट्रॅपला एवढे महत्त्व का द्यायचे, याचे उत्तर २००३ मध्ये मिळाले होते. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या निवासी संकुलात सार्सचे ३२१ रुग्ण आढळले. तपासात जी कारणे पुढे आली, त्यांत न्हाणीघरांतले सुकलेले ट्रॅप हे एक मुख्य कारण होते. एक्झॉस्ट पंखा सुरू केला की सांडपाण्याच्या नळातली हवा, बारीक थेंबांसकट, न्हाणीघरात ओढली जात होती. म्हणून क्रम असा: ट्रॅप आधी भरायचे, एक्झॉस्ट पंखे नंतर लावायचे. वास घालवायला आल्याआल्या पंखा सुरू करणे हा याच्या नेमका उलटा क्रम.

सोमवारीच आणखी एक काम उरकले. आणीबाणीच्या मागच्या दाराला बंदच्या काळात साखळी घातली होती. अशा साखळ्या चोरीच्या भीतीने घातल्या जातात आणि माणसे परतली तरी तशाच राहतात. ती काढली, गंजलेल्या आडव्या दांड्याला तेल दिले आणि दार आतून एका हाताने उघडते का ते पाहिले.

मंगळवार: पाणी

सगळ्यात जास्त वेळ पाण्याने खाल्ला, आणि ते योग्यच होते.

महापालिकेकडून असो वा खासगी योजनेकडून, येणाऱ्या पाण्यात थोडे क्लोरीन असते. पाणी साचून राहिले की काही दिवसांत ते संपते आणि नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात जीवाणू वाढू लागतात. यांतला सगळ्यात काळजीचा जीवाणू म्हणजे लिजिओनेला. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ पसरली. कारणीभूत जीवाणू १९७७ मध्ये ओळखला गेला आणि त्या सैनिकांच्या संघटनेवरूनच त्याला नाव पडले. साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो वाढतो, ६० अंशांच्या पुढे मरतो. लागण होते ती मुख्यतः पाण्याचे सूक्ष्म तुषार श्वासातून आत गेल्याने: शॉवर, फवारा, जोरात सोडलेला नळ. ताप, खोकला, धाप ही त्याची लक्षणे. निर्बंध सैल झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात एखाद्या कर्मचाऱ्याला हीच लक्षणे दिसली, तर सगळे कोविडच गृहीत धरणार आणि नळाकडे कोणी वळूनही पाहणार नाही.

‘आधी पाणी तपासून घेऊ, मग ठरवू’ ही सूचना ऐकायला शहाणपणाची वाटते. पण लिजिओनेलाच्या संवर्धन चाचणीचा (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याचा) निकाल यायला दहाएक दिवस लागतात, तेवढे हातात नव्हते. म्हणून जंतू आहेत असे धरूनच चालायचे ठरले: टाक्या रिकाम्या करायच्या, धुवायच्या, क्लोरीनचा जोरदार मारा द्यायचा आणि सगळे नळ सोडायचे.

जमिनीखालच्या टाकीत तळाशी बोटभर गाळ होता. अशा टाकीत कोणीही एकट्याने उतरू नये. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो आणि आत गेलेला माणूस हाक न मारता कोसळतो. दोन्ही झाकणे काही तास उघडी ठेवायची, पंख्याने हवा आत ढकलत राहायची, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि तोंडाशी दुसरा माणूस उभा करायचा. टाकीत माणूस असताना क्लोरीनचे द्रावण ओतायचे नाही. स्वच्छतागृह धुण्याचे आम्ल त्या दिवशी कपाटात कुलूपबंद ठेवायचे. हायपोक्लोराइट आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

गच्चीवरच्या टाकीचा हिशेब असा. लक्ष्य दर लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन, संपर्काचा वेळ एक तास. १०,००० लिटरला ५०० ग्रॅम क्लोरीन लागते. बाटलीवर १० टक्के लिहिलेल्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये लिटरमागे १०० ग्रॅम मिळते, म्हणजे पाच लिटर. ते ओतले, ढवळले, अर्ध्या तासाने नमुना घेतला आणि डीपीडीची, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणारी, गोळी टाकली. पाणी क्षणभर गुलाबी झाले आणि पुन्हा पारदर्शक. प्लंबरने निष्कर्ष काढला की क्लोरीन नाहीच, आणि दुसरा कॅन उघडायला घेतला.

इथे दोन चुका एकात एक गुंतल्या होत्या. डीपीडीचा रंग कमी प्रमाण मोजण्यासाठी आहे. क्लोरीन फार जास्त असेल तर ते रंगच उडवून टाकते आणि नमुना कोरा दिसतो. म्हणजे ‘काहीच नाही’ आणि ‘भरमसाट आहे’ हे दोन्ही निकाल डोळ्यांना सारखेच. क्षणभर दिसून गेलेली गुलाबी छटा हीच दुसऱ्या शक्यतेची खूण. अशा वेळी नमुना पातळ करायचा: पाच मिलिलिटर नमुन्यात क्लोरीन नसलेले ऊर्ध्वपातित पाणी घालून १०० मिलिलिटर करायचे, मग गोळी टाकायची आणि आलेल्या आकड्याला २० ने गुणायचे. असे केल्यावर १.५ आले, म्हणजे टाकीत ३० मिलिग्रॅम.

मग ५० का नाही? कारण तो कॅन पाच महिने गच्चीच्या जिन्याखालच्या तापणाऱ्या खोलीत पडून होता. हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने स्वतःहून विघटित होत जाते. पाच लिटरमधून ३०० ग्रॅम निघाले, याचा अर्थ १० टक्क्यांचे सहाच टक्के उरले होते. कमी पडलेल्या २०० ग्रॅमसाठी त्याच द्रावणाचे आणखी ३.३ लिटर घातले. बंद पडलेल्या जागेतली लेबले म्हणजे जुन्या तारखेचे वर्तमानपत्र. जे रसायन वापरायचे, त्याची ताकद आज मोजायची.

यानंतर नळ. टाकीला सर्वांत जवळच्या नळापासून सुरुवात करून शेवटच्या नळापर्यंत जायचे. प्रत्येक नळ क्लोरीनचा स्पष्ट वास येईपर्यंत सोडायचा आणि बंद करायचा. त्याआधी शॉवरचे झारे आणि नळांच्या तोंडच्या बारीक जाळ्या काढून ठेवायच्या. त्यांत क्षार आणि गाळ अडकलेला असतो आणि तुषारही त्यांच्यामुळेच उडतात. पाणी हळू सोडायचे, शक्य तिथे नळाला नळी लावून तिचे टोक नाल्यात ठेवायचे, कमोडचे झाकण लावून फ्लश ओढायचा, मास्क घालायचा. प्रत्येक नळावर ‘वापर बंद’ची चिठ्ठी. पिण्याच्या पाण्याची शुद्धीकरण यंत्रे आधीच बाजूला करावी लागतात. एवढे क्लोरीन आरओच्या पडद्यातून गेले तर पडदा कायमचा खराब होतो. त्यांची जुनी कार्ट्रिज फेकून नवीन बसवायची. पाच महिने ओली राहिलेली कार्ट्रिज जंतूंचे घर झालेली असते.

नळ किती वेळ सोडायचा, हा प्रश्न दर वेळी अंदाजाने सोडवला जातो, खरे तर साधा गुणाकार आहे. आतून २५ मिलिमीटर व्यासाच्या नळात मीटरला सुमारे ०.४९ लिटर पाणी मावते, १५ मिलिमीटरच्या नळात ०.१८ लिटर. दुसऱ्या मजल्यावरच्या पॅन्ट्रीपर्यंत ४० मीटर मोठा नळ आणि १२ मीटर बारीक, म्हणजे एकूण सुमारे २२ लिटर. नळाचा वेग १० लिटरच्या बादलीने मोजला तर मिनिटाला सहा लिटर. केवळ जुने पाणी बाहेर पडायला जवळजवळ चार मिनिटे, आणि भिंतींना चिकटलेले सुटावे म्हणून त्याच्या दुप्पट, आठ मिनिटे. ‘मिनिटभर सोडला’ म्हणजे त्या नळाला नवे पाणी पोचलेच नाही.

पहिल्या मजल्यावर चार मीटरचा एक नळ भिंतीत संपत होता. तिथली जुनी पॅन्ट्री काढताना टोकाला बूच मारलेले. अशा आंधळ्या फाट्यात पाणी कधीच फिरत नाही आणि कितीही धुतले तरी तिथून जंतू मुख्य नळात परततात. तो मुळापासून कापला.

तासाभराने शेवटच्या नळाला ३० मिलिग्रॅमच्या वर क्लोरीन होते, म्हणून मारा पुन्हा द्यावा लागला नाही. टाकी रिकामी करताना पाणी बागेत किंवा सेप्टिक टाकीत सोडले नाही. बागेत झाडे जळतात आणि सेप्टिक टाकीत मैला कुजवणारे उपयोगी जीवाणूच मरतात. मग दोनदा ताज्या पाण्याने भरून, नळांवर ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम येईपर्यंत धुतले. गिझर ६० अंशांवर ठेवून गरम पाण्याचे नळही सोडले. त्या वेळी हात भाजू नये म्हणून नळापाशी एक माणूस उभा ठेवला.

बुधवार: बॅटऱ्या

यूपीएस बंद करून जाण्याऐवजी ‘सर्व्हर चालू राहावा’ म्हणून तो सुरू ठेवला होता. दुसऱ्या महिन्यात केव्हातरी एक एमसीबी पडला, बॅटऱ्या शेवटपर्यंत उतरल्या आणि तशाच रिकाम्या राहिल्या. शिसे-आम्ल बॅटरी रिकामी पडून राहिली की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे टणक स्फटिक बसतात आणि मग ती भरल्यासारखी दिसते, भरत मात्र नाही. भरून तासभर विसावा दिलेल्या चांगल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ दिसायला हवेत. इथे तसे दिसलेही, पण भार टाकताच तीन बॅटऱ्या १० च्या खाली कोसळल्या. नुसत्या मीटरवर विसंबू नये ते यासाठी. एका माळेत नव्या-जुन्या मिसळल्या की जुन्या नव्यांनाही ओढून नेतात, म्हणून पूर्ण माळ बदलली. आवारातल्या गाडीचे कोडेही तेच: घड्याळ आणि गजर मिळून ५० मिलिअँपिअर खात असतील तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच आठवड्यांच्या आसपास संपते.

जनरेटरच्या डिझेल टाकीच्या तळाचे पाणी काढले आणि तो अर्धा तास भारावर चालवला. रिकामा चालवून बंद करण्याची सवय वाईट, त्याने न जळलेले डिझेल धुरांड्यात साचते. लिफ्ट तंत्रज्ञाने तपासून दिली. भिंतीवरची सगळी घड्याळे निरनिराळ्या वेळांना थांबलेली होती, त्यांतल्या दोन घड्याळांच्या सेलांनी पाणी सोडले होते.

गुरुवार: हवा

१ मार्च २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने वायुवीजनाबाबत जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात निवासी नसलेल्या जागांसाठी माणसामागे सेकंदाला १० लिटर ताजी हवा सुचवली आहे. त्याच वर्षी ३० एप्रिलला संघटनेने आपल्या प्रश्नोत्तरांत बदल करून, बंद आणि कोंदट जागेत विषाणू हवेतूनही पसरतो हे स्पष्टपणे मांडले. कार्यालयाच्या कामाचा आकडा पहिला. बैठकीच्या खोलीत ‘दहा जणांना परवानगी’ असे खुर्च्या मोजून लिहायचे, की हवा मोजून?

ती खोली सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, २.७ मीटर उंच: ८१ घनमीटर. एक स्प्लिट एसी. स्प्लिट एसी ताजी हवा आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो. ज्यांच्या हाती रिमोट असतो, त्यांतल्या बहुतेकांना हे ठाऊक नसते. तपासणी अशी झाली: चार जणांनी मास्क लावून, दार बंद करून खोलीत काम केले आणि कार्बन डायऑक्साइड चढू दिला. मग ते बाहेर पडले, मीटर आत ठेवला आणि पातळी किती वेगाने उतरते ते पाहिले. बाहेरची हवा ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग). आत १,६२०, म्हणजे १,२०० जास्तीचे. तासाभराने जास्तीचे ६०० उरले. निम्मे व्हायला एक तास लागला, तर तासाला ०.६९ वेळा हवा बदलते (दोनचा नैसर्गिक लॉगॅरिदम, भागिले तास). ८१ ला ०.६९ ने गुणले की तासाला ५६ घनमीटर, सेकंदाला साडेपंधरा लिटर. म्हणजे दहा खुर्च्यांच्या या खोलीत बंद खिडकीने ताजी हवा पुरते ती दीड माणसाला.

दोन्ही खिडक्या उघडून, एका खिडकीत बाहेर तोंड करून पंखा लावला आणि दाराची फट ठेवली. आता १,२०० चे ३०० व्हायला २० मिनिटे लागली. चौपट घट, चारचा लॉगॅरिदम १.३९, भागिले एक तृतीयांश तास, म्हणजे तासाला ४.१६ वेळा. सेकंदाला ९४ लिटर, नऊ माणसे. दारावर ‘आठ’ लिहिले आणि खाली ‘खिडक्या उघड्या असतील तरच’.

मीटरबद्दल एक खबरदारी. काही स्वस्त मीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, ते हवेतल्या सेंद्रिय बाष्पांवरून अंदाज बांधतात. जवळ कोणी सॅनिटायझर चोळला की आकडा हजारांनी उडतो. एनडीआयआर, म्हणजे अवरक्त किरणांनी मोजणारा संवेदक असलेलाच घ्यावा आणि आधी बाहेर मोकळ्या हवेत नेऊन ४०० ते ४५० च्या दरम्यान दाखवतो का ते पाहावे.

एसींचे फिल्टर धुणे, पाण्याच्या ट्रेमधला बुळबुळीत थर काढणे, निचऱ्याची नळी फुंकून मोकळी करणे हे काम संध्याकाळपर्यंत चालले. निचऱ्याची नळी तुंबलेली असेल तर पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी टेबलावर पाणी ठिबकते.

शुक्रवार आणि शनिवार: अखेर दार

यादीतल्या वस्तू आल्या. तापमापक प्रत्येकाला ३४ अंश दाखवत होता. तो ‘पृष्ठभाग’ पद्धतीवर होता, ‘शरीर’वर नव्हता. बटण बदलल्यावर आकडे जागेवर आले. हे यंत्र गाडीतून किंवा एसी खोलीतून काढून लगेच वापरू नये, दारापाशी २०-३० मिनिटे ठेवून मग वापरावे. उन्हातून आलेल्याचे कपाळ तापलेले असते, त्याला सावलीत पाच मिनिटे बसवावे. मनगटावर मोजले की आकडा कमी येतो. आणि लक्षणे नसलेला बाधित माणूस या यंत्राला कधीच सापडत नाही. त्यामुळे ते ठेवावे, पण त्याच्या भरवशावर खिडक्या बंद करू नयेत.

सॅनिटायझरचा हिशेब: ४० माणसे, दिवसाला पाच वेळा, दर वेळी तीन मिलिलिटर, एकूण ६०० मिलिलिटर. पाच लिटरचा कॅन आठ दिवस पुरतो. ८० टक्के इथेनॉल साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते, म्हणून कॅन यूपीएसच्या खोलीत ठेवायचे नाहीत. शुक्रवारी ते तिथेच सापडले होते, कारण तीच खोली रिकामी होती.

टेबले पुसायला ०.१ टक्के क्लोरीनचे द्रावण: पाच टक्क्यांच्या एका भागाला पाण्याचे ४९ भाग, रोज सकाळी ताजे. पुसून दहा मिनिटे ओले राहू द्यायचे. खोलीभर किंवा माणसांवर फवारणी करायची नाही. फवाऱ्याने पृष्ठभाग सगळीकडे भिजत नाही आणि डोळे-घसा मात्र चुरचुरतो.

शनिवारी दहा जणांना घेऊन रंगीत तालीम झाली. तापमान, नोंद, हात, आत: माणशी २० सेकंद. ४० जणांना १३ मिनिटे, आणि ४० जण नेहमी शेवटच्या दहा मिनिटांतच येतात. म्हणजे गर्दी टाळायच्या व्यवस्थेनेच दारात गर्दी होणार. नोंदवहीच्या एकाच पेनाला ४० हात लागणार, हेही तेव्हाच लक्षात आले. वही रक्षकाकडे दिली, माणसांनी नाव सांगायचे. येण्याच्या वेळा अर्ध्या तासाच्या अंतराने दोन केल्या.

पुन्हा सोमवार

दारापाशी सगळे ठरल्याप्रमाणे झाले. अडचणी आतल्याच ठिकाणी आल्या. पाच महिन्यांनी भेटलेली माणसे ओळखीच्या अंतरावर उभी राहतात, जमिनीवरचे गोल काहीही सांगोत. मास्कमधून आवाज पोचत नाही म्हणून एक जण जवळ सरकतो किंवा मास्क खाली ओढतो, आणि पुष्कळदा दोन्ही करतो. चष्म्यावर धुके धरते, कारण नाकावरची पट्टी चेपलेली नसते. दिवसातली सगळ्यात धोक्याची वेळ जेवणाची, कारण तेव्हा सगळ्यांचे मास्क एकदम उतरतात आणि गप्पाही तेव्हाच रंगतात. आठवडाभरात सगळ्यात कमी विचार जेवणाच्या खोलीचा झाला होता. तिला एकच खिडकी होती, तीही रंगाने चिकटलेली. दुसऱ्याच दिवशी ती सोडवली आणि जेवायच्या तीन पाळ्या केल्या.

बैठकीच्या खोलीत दुपारी आठ जण बसले. रस्त्याचा आवाज येतो म्हणून कोणीतरी खिडक्या लावल्या, पंखा काढून कोपऱ्यात ठेवला, एसी सुरू केला. अर्ध्या तासाने मीटर १,१७० वर होता. गुरुवारच्या आकड्यांवरून हे आधीच सांगता आले असते: एक माणूस बसल्या जागी तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, आठ जण १४४ लिटर, आणि ८१ घनमीटरच्या बंद खोलीत तासाला हवा बदलते ती फक्त ५६ घनमीटर. चूक माणसांची म्हणून सोडून देता आले असते, पण दारावरचा ‘उघड्या असतील तरच’ हा मजकूर आवाजापुढे टिकणार नाही हे उघड होते. खिडक्यांच्या चौकटीत १५ सेंटिमीटरवर अडसराचा स्क्रू मारला, म्हणजे त्या पूर्ण मिटतच नाहीत. दीर्घ बैठका मागच्या बाजूच्या, रस्त्यापासून दूर असलेल्या दालनात हलवल्या.

राहिली एक गोष्ट, जी सगळे पार पडल्यासारखे वाटत असताना निसटते. १२० जणांच्या इमारतीत ४० जण आले, म्हणजे पाण्याचा वापर एक तृतीयांश. दुसऱ्या मजल्यावर कोणीच बसत नव्हते. तिथले नळ, ट्रॅप आणि पॅन्ट्री यांच्यासाठी बंद अजून संपलेलाच नव्हता. गच्चीवरच्या टाकीत पाणी आता तिप्पट वेळ साठून राहत होते, म्हणून तिच्या दोन कप्प्यांपैकी एक रिकामा करून बंद केला. वापरात नसलेल्या प्रत्येक नळासाठी एक तक्ता पॅन्ट्रीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला: नळ, किती मिनिटे सोडायचा, क्लोरीन किती आले, तारीख, सही. सोमवार आणि गुरुवार, आठवड्यातून दोनदा. पॅन्ट्रीच्या नळापुढे ‘आठ मिनिटे’ लिहिले आणि शेजारी बादलीचा हिशेबही लिहून ठेवला, कारण तो नसेल तर तिसऱ्या आठवड्यात आठ मिनिटांचे एकच मिनिट होते.